प्रश्न विचारायची तालीम

परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळवणारी मुलगी सेमिनारमध्ये एका साध्या प्रश्नावर गप्प होते. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की त्यात तिचा काही दोष आहे असं मला वाटेनासं झालंय. ज्याचं उत्तर विचारणाऱ्यालाही ठाऊक नाही असा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलेलाच नसतो. पहिलीपासून बी.एस्सी.पर्यंत तिच्यापुढे आलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कुठे ना कुठे छापलेलं होतं, पुस्तकात, गाइडात, नाहीतर मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी वहीत. संशोधनात पहिल्याच दिवशी हा आधार सुटतो. तो सुटल्यावर उभं कसं राहायचं, हे कुठल्याच पेपरात शिकवत नाहीत. ते सेमिनारमध्ये शिकायचं असतं. आणि खरा सेमिनार कसा असतो, हे मला पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या सभागृहात मागच्या रांगेत बसून कळलं.

मी सांगलीत बी.एस्सी.च्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. वर्गातली बरीचशी मुलं रोज एसटीनं येतात. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, काही तर पार जतकडची. कुणाच्या घरी द्राक्षबाग, कुणाचा ऊस, कुणाची नुसती कोरडवाहू जमीन. डोक्यानं ही मुलं कुणाला हार जाणारी नाहीत. अडतं ते एका सवयीपाशी. मोठं माणूस बोलत असताना मध्ये तोंड घालू नये, हे त्यांना घरी शिकवलेलं असतं आणि ते चांगलंच शिकवलेलं असतं. पण संशोधनात शिरायचं तर त्याच मोठ्या माणसाला आदरानं थांबवून ‘हे कशावरून?’ असं विचारता आलं पाहिजे. आपल्याला कुणी तसं थांबवलं, तर पाय लटपटता कामा नयेत.

आयुका म्हटलं की लोकांना आधी दुर्बीण आठवते. ती आहेच, गिरवलीच्या डोंगरावर, 2 मीटर व्यासाच्या आरशाची. पण विद्यापीठ अनुदान आयोगानं 1988 साली पुणे विद्यापीठाच्या आवारात ही संस्था काढली ती मुख्यतः विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी. ज्याच्या गावी ना मोठं ग्रंथालय ना बोलायला दुसरा खगोलशास्त्रज्ञ, अशा शिक्षकानं सुट्टीत इथं यावं, राहावं, वाचावं, कुणाबरोबर तरी एखादं गणित तडीस न्यावं, आणि परत जाऊन आपल्या मुलांना त्यात ओढावं. पहिले संचालक जयंत नारळीकर. ते जन्मानं कोल्हापूरचे, म्हणजे आमच्या शेजारचे. शाळकरी मुलं सही मागायला आली की ते म्हणत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही असेल. मला वाटतं, अख्ख्या संस्थेचा स्वभाव त्या पोस्टकार्डात आहे. तिथं सही मिळवायचा रस्ताही प्रश्नातून जातो.

शिक्षकांसाठीच्या एका कार्यशाळेला मी पहिल्यांदा तिथं गेले. चार्ल्स कोरियांनी बांधलेलं ते आवार, काळ्या दगडाच्या भिंती, मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे. हे सगळं पाहून माणूस थोडं बिचकतंच. कार्यशाळेच्या मधल्या वेळात कुणीतरी म्हणालं, सेमिनार आहे, चला बसू. विषय दीर्घिकांमधल्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांमधल्या, वायूचा होता आणि मला तो निम्माही झेपला नाही. पण खोलीत जे चाललं होतं ते पुरतं कळलं.

वक्ता बाहेरगावाहून आलेला, अगदी तयारीचा. तिसऱ्याच चित्रावर पहिल्या रांगेतल्या एका वयस्कर प्राध्यापकांनी हात वर केला आणि विचारलं, उभ्या अक्षावर नक्की काय आहे? माझ्याही मनात तेच आलं होतं, पण मी ते गिळलं होतं, कारण इतरांना कळत असणार अशी माझी खात्री होती. वक्त्यानं सांगितलं. मग मधल्या रांगेतला एक पोरगेला संशोधक विद्यार्थी म्हणाला, नमुन्यात फक्त तेजस्वी दीर्घिकाच निवडल्या गेल्या असतील, तर हा कल आपोआपच दिसणार नाही का? वक्ता थांबला. फळ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, असू शकेल, आम्ही ते तपासलेलं नाही. आणि त्यानं खिशातली वही काढून ते लिहून घेतलं. खोलीत कुणाच्या चेहऱ्यावर काही विशेष घडल्याचा भाव नव्हता. चहाच्या वेळी तोच विद्यार्थी आणि तोच वक्ता कप हातात धरून फळ्यावर खडूनं काहीतरी काढत होते.

आमच्याकडे एखाद्या पाहुण्या व्याख्यात्याला ‘तुम्ही हे तपासलं का?’ असं कुणी विचारलं असतं, तर प्राचार्यांना मध्ये पडावं लागलं असतं.

पुढे सुट्ट्यांमध्ये मी तिथं जात राहिले आणि हळूहळू त्या दिनक्रमाचा साचा लक्षात आला. सगळ्यांना समजेल असं मोठं व्याख्यान वेगळं, एकाच विषयातल्या लोकांचा खोलातला सेमिनार वेगळा, आणि नव्या शोधनिबंधांवर बसून केलेली चिरफाड वेगळी. अर्काइव्ह या शोधनिबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर रोज खगोलशास्त्राचे ढीगभर नवे निबंध येतात. त्यातला एखादा उचलायचा, कुणीतरी तो सांगायचा, बाकीच्यांनी त्यातली भोकं शोधायची. पीएच.डी.ला आलेल्या मुलांना पहिल्या वर्षी शेजारच्या एनसीआरएच्या, म्हणजे रेडिओ खगोलशास्त्राच्या राष्ट्रीय केंद्राच्या, मुलांबरोबर रीतसर वर्ग असतात. आणि सुट्टीतल्या कार्यक्रमाला बी.एस्सी., एम.एस्सी.ची मुलं येतात, एकेका शास्त्रज्ञाकडे छोटा प्रकल्प करतात आणि शेवटी तो सगळ्यांसमोर मांडतात. ते शेवटचं मांडणं मला फार मोलाचं वाटतं. विशीतलं पोर फळ्यापाशी उभं असतं आणि ज्यांची नावं पाठ्यपुस्तकांत यावीत अशी माणसं समोर बसून त्याचं ऐकतात. ऐकतात म्हणजे खरोखर ऐकतात आणि मध्येच थांबवतात.

नारळीकरांच्या बाबतीतली एक गोष्ट मी दर वर्षी नव्या मुलांना सांगते. 1964 साली लंडनच्या रॉयल सोसायटीत ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांनी नारळीकरांबरोबर केलेला गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. हॉयल म्हणजे तेव्हाचं केवढं मोठं नाव! व्याख्यान संपल्यावर बाविशीतला एक विद्यार्थी काठीच्या आधारानं उभा राहिला आणि म्हणाला, तुमच्या समीकरणातली ही राशी प्रसरण पावणाऱ्या विश्वात अनंत होते. हॉयल यांनी विचारलं, कशावरून? तो म्हणाला, मी गणित करून पाहिलंय. तो स्टीफन हॉकिंग. नारळीकरांची आकडेमोड त्यानं आधीच पाहिली होती. पुढे त्याच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण ह्याच आक्षेपावर उभं राहिलं.

मुलं विचारतात, मग नारळीकर सर चिडले असतील ना? मी त्यांना पुढचं सांगते, कारण मला ते अधिक मोठं वाटतं. महास्फोटाचा सिद्धान्त नारळीकरांना शेवटपर्यंत पटला नाही. ते स्थिर विश्वाच्या, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही या मताच्या बाजूनं, नंतर त्याच्या सुधारित रूपाच्या बाजूनं आयुष्यभर लिहीत, मांडत राहिले. आणि त्यांनीच उभारलेल्या संस्थेत महास्फोट गृहीत धरून काम करणारे शास्त्रज्ञ भरती झाले, मोठे झाले, त्यांच्या हाताखाली विद्यार्थी तयार झाले. संचालकाच्या मताविरुद्ध काम केलं म्हणून कुणाचं अडलं नाही. आपल्याकडे संस्था म्हटली की संस्थापकाचा फोटो आणि त्याच्या शब्दाबाहेर न जाणारी माणसं, हेच चित्र सगळीकडे दिसतं. 2025 च्या मे महिन्यात नारळीकर गेले, तेव्हा त्यांच्या पुस्तकांवर, मराठीतल्या विज्ञानकथांवर पुष्कळ लिहून आलं, आणि ते यायलाच हवं होतं. मी मात्र त्या दिवशी वर्गात ह्या मोकळेपणाबद्दल बोलले.

आमच्या कॉलेजात ‘सेमिनार’ नावाची गोष्ट आधीपासून होती. अजूनही बऱ्याच ठिकाणी आहे. मार्कांसाठी असते. मूल इंटरनेटवरून वीस स्लाइड उतरवतं, पाठ करून वाचून दाखवतं, टाळ्या होतात, शिक्षक रजिस्टरवर सही करतात. मला ह्याचा मनापासून राग येतो. मुलांचा नाही येत, ती बिचारी जे मागितलं ते देतात. राग येतो तो ह्याचा, की संशोधनाचं सगळ्यात जिवंत अंग आपण कागद भरण्याच्या कामाला लावलं. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या पदवीला संशोधनाची जोड आली आहे. ती चांगली आहे, पण प्रश्न विचारण्याची खोली नसेल तर त्या प्रकल्पांचंही असंच होईल, मग बायंडिंग कितीही सोनेरी असो.

म्हणून आम्ही शनिवारी दुपारी, प्रॅक्टिकल संपल्यावर, प्रयोगशाळेतच बसायला लागलो. स्लाइडना बंदी. फळा, खडू आणि एका निबंधातला एकच आलेख. बोलणाऱ्यानं तो आलेख समजावून सांगायचा, आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय, प्रत्येक ठिपक्यावरची ती उभी रेघ कशाची. पहिला प्रश्न विद्यार्थ्यानंच विचारायचा, आणि तोवर शिक्षकांनी तोंड उघडायचं नाही. सुरुवातीला त्या शांततेत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू यायची. माझ्या सहकाऱ्यांना राहवायचं नाही, ते खुर्चीत चुळबुळ करायचे, पण थांबायचे. शेवटी कुणीतरी हात वर करायचंच. मराठीत विचारायचं, इंग्रजीत विचारायचं, अर्धं-अर्धं विचारायचं, कशालाही मोकळीक. ‘रेडशिफ्ट म्हणजे काय ते परत सांग की’ हाही प्रश्नच, आणि बऱ्याचदा तोच सगळ्यात चांगला असतो.

आमच्या भागात कुस्ती कुणाला समजावून सांगायला नको. तालमीत नव्या पोराला वस्ताद स्वतः लाल मातीत उतरून धरतो, पाडतो, उठवतो आणि कुठं चुकलं ते दाखवून पुन्हा धरतो. तिथं पडण्याची लाज नसते, कारण रोज सगळेच पडतात. सेमिनारला मी हेच स्थान देऊ पाहते. म्हणून महिन्यातून एकदा शिक्षकानं फळ्यापाशी उभं राहायचं आणि मुलांनी त्याला धरायचं, हाही नियम केला.

पण एक फरक जपावा लागतो. आयुकाच्या मोठ्या सभागृहाला खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव आहे. 11 जानेवारी 1935 रोजी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत चोवीस वर्षांच्या चंद्रशेखरांनी श्वेतबटू, म्हणजे इंधन संपून आक्रसलेल्या, ताऱ्यांच्या वस्तुमानाला मर्यादा असते हे मांडलं. त्यांच्यापाठोपाठ तेव्हाचे नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन उठले आणि त्यांनी त्या कामाची सभेत खिल्ली उडवली. सभा हसली. चंद्रशेखरांचं गणित बरोबर होतं. 1983 साली त्यांना नोबेल मिळालं, पण त्या दुपारनंतर काही वर्षांत त्यांनी तो विषयच बाजूला ठेवला होता. एडिंग्टन यांनी प्रश्न विचारला असता तर विज्ञानाचं भलं झालं असतं. त्यांनी हसं केलं. दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात, दोन्हींत मोठा माणूस लहानाला अडवतो, आणि म्हणूनच मुलांना त्यातला फरक दाखवून द्यावा लागतो.

आमच्याकडेही एकदा जतकडचा एक मुलगा बोलत असताना त्याच्या उच्चारावर मागे दोघं-तिघं हसले. त्यानं बोलणं आवरतं घेतलं आणि पुढच्या शनिवारी तो आला नाही. मी त्याच्या वर्गात जाऊन त्याला बोलावून आणलं, आणि हसणाऱ्यांना सगळ्यांसमोर सांगितलं की ह्या खोलीत चुकायला परवानगी आहे, हसायला नाही. तो परत आला. पुष्कळ दिवस कोपऱ्यात गप्प बसून होता.

त्यानंतरच्या डिसेंबरात आमची एक विद्यार्थिनी, तासगावची, पुण्याच्या रेडिओ खगोलशास्त्राच्या हिवाळी शाळेला जाऊन आली. एनसीआरए आणि आयुका मिळून ती भरवतात. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना पाहून आली आणि आल्या आल्या म्हणाली, मॅडम, आपण हॉर्न करू या.

हॉर्न म्हणजे पत्र्याचं चौकोनी नरसाळं. आकाशगंगेतला थंड हायड्रोजन 1420.4 मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या, म्हणजे 21 सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी सोडतो. असं घडत असावं हे व्हॅन डी हुल्स्ट यांनी 1944 साली गणितानं सांगितलं आणि 1951 साली हार्वर्डमध्ये यूएन आणि पर्सेल यांनी प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर असंच एक नरसाळं बसवून त्या लहरी पकडल्या. दुकानात मिळणाऱ्या सामानातून आता ते कुणालाही करता येतं. आमच्या मुलांनी सांगलीतल्या पत्र्याची कामं करणाऱ्या एका कारागिराकडून जीआय पत्रा कापून घेतला. तो धान्याच्या कोठ्या आणि पाण्याची नरसाळी करणारा. त्यानं कोन नीट बघून घेतला, कडा दुमडल्या, सांध्यांना डाग दिला आणि विचारलं, ह्यातनं काय ओतायचं? तासगावच्या मुलीनं त्याला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मग आतनं डाग घासून सपाट करतो, खडबड नको. हे त्यानं बरोबर ओळखलं होतं.

नरसाळ्याच्या बुडाला पाच सेंटिमीटरची तांब्याची तार, म्हणजे लहरीच्या लांबीचा चौथा हिस्सा. तिच्यामागे संदेश वाढवणारं छोटं सर्किट, आणि तिथून केबलनं लॅपटॉपला लावलेला पेनड्राइव्हएवढा डोंगल, म्हणजे छोटा रेडिओ. ह्या लहरींना दिवस-रात्र सारखी आणि ढगांची अडचण नाही. जून ते सप्टेंबर आमची साधी दुर्बीण कपाटात पडून असते, त्या दिवसांत हे यंत्र गच्चीवर ताडपत्रीखाली चालतं. नदीला पाणी चढलं की मात्र सगळंच थांबतं. मुलांच्या घरांतच पाणी असतं तेव्हा हायड्रोजन कुणाला सुचणार?

सप्टेंबरच्या शेवटी एका पहाटे लॅपटॉपवरच्या वारंवारतेच्या आलेखात 1420.4 च्या आसपास एक फुगवटा दिसला. हॉर्न जवळजवळ डोक्यावर, सारथी आणि वृषभ या तारकासमूहांच्या सीमेकडे रोखलेला होता. शनिवारी तिनं फळ्यावर तो आलेख काढला. सगळे खूश. आणि कोपऱ्यातून तो जतचा मुलगा म्हणाला, “हे आकाशातनंच आलंय कशावरनं? मोबाइलचा टॉवर समोरच हाय की.”

मला त्या क्षणी जो आनंद झाला तो फुगवटा पाहूनही झाला नव्हता.

ती गडबडली, मग सावरली. म्हणाली, हॉर्न जमिनीकडे वळवून बघते. बघितलं, फुगवटा गेला. पण जतच्या मुलाचं तेवढ्यानं समाधान होईना, जमिनीकडे वळवल्यावर टॉवरही नजरेआड होतोच की. मग कुणीतरी कार्ल जान्स्कीचं नाव काढलं. बेल प्रयोगशाळेतला हा इंजिनिअर 1930 च्या सुमारास रेडिओतल्या खरखरीचा माग काढत होता. त्याच्या लक्षात आलं की एक खरखर दर 24 तासांनी येत नाही, 23 तास 56 मिनिटांनी येते. माणसाचे सगळे उद्योग सूर्याच्या घड्याळावर चालतात, तारे मात्र रोज 4 मिनिटं आधी उगवतात. म्हणजे खरखर ताऱ्यांकडची. तिनं हॉर्न एका जागी पक्का बांधला आणि रोज फुगवटा कमाल उंचीला कधी येतो त्याची वेळ लिहीत गेली. पंधरा दिवसांत ती वेळ जवळपास तासभर अलीकडे आली. टॉवर काही रोज 4 मिनिटं लवकर उठत नाही. त्या शनिवारी तिनं वेळांची ती तिरकी रेघ फळ्यावर काढली आणि जतच्या मुलाकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली आणि लगेच विचारलं, “मग तो 1420.4 वर नेमका का न्हाई? बाजूला का सरकलाय?”

ती म्हणाली, “माहीत नाही.”

हे दोन शब्द इतक्या सरळ आवाजात म्हणायला तिला दोन वर्षं लागली होती. परीक्षेत पैकीच्या पैकी घेणारी, पहिल्या सेमिनारमध्ये रडवेली झालेली हीच ती मुलगी.

आता गंमत बघा, ह्याची दोन उत्तरं शक्य होती आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत होती. एक तर डोंगलमधला वारंवारता ठरवणारा स्फटिक स्वस्तातला, दहा लाखांत एक भाग चुकला तरी इथं 1.4 किलोहर्ट्झची चूक होते, आणि तो त्याच्या कितीतरी पट चुकू शकतो. दुसरं म्हणजे डॉप्लर परिणाम, लहर सोडणारा जवळ येत असला की वारंवारता वाढते, लांब जात असला की घटते. वायू आणि आपण सेकंदाला 1 किलोमीटरनं एकमेकांजवळ येत असलो तर फुगवटा सुमारे 4.7 किलोहर्ट्झ वर सरकतो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला 30 किलोमीटर वेगानं फिरते, आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात ती बरोबर सारथी-वृषभाच्या दिशेनं चाललेली असते. आकाशगंगेच्या केंद्राच्या नेमकी उलटी ती दिशा. तिकडचा वायू आकाशगंगेबरोबर फिरताना आपल्याला आडवा जातो, त्यामुळे त्या फिरण्याची भेसळ जवळजवळ नाही. दोन कारणं वेगळी करायची कशी? मुलांनीच वाट काढली. स्फटिकाची चूक बारा महिने साधारण तीच राहील. पृथ्वीची दिशा मार्चमध्ये उलटी होईल. म्हणजे मार्चपर्यंत थांबायचं.

सांगलीच्या बी.एस्सी.च्या मुलांनी एका प्रश्नासाठी सहा महिने थांबणं म्हणजे काय, हे शिकवणाऱ्यांना कळेल. मध्ये परीक्षा झाल्या, द्राक्षाचा हंगाम आला, निम्मी मुलं बागेत राबत होती. मार्चच्या मध्यावर, संध्याकाळी, तीच दिशा माथ्यावर असताना पुन्हा मोजलं. फुगवटा खाली सरकला होता, अडीचशे किलोहर्ट्झपेक्षाही जास्त. जाताना 30 आणि येताना 30, मिळून सेकंदाला 60 किलोमीटर, म्हणजे हिशेबानं 280 च्या घरात यायला हवं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे त्या मुलांनी चौथीत पाठ केलं होतं. आता त्यांनी ते स्वतः मोजलं होतं, कोठ्या करणाऱ्या कारागिराच्या नरसाळ्यानं.

त्याच्या आधी, फेब्रुवारीच्या 28 तारखेला, विज्ञान दिनाला आम्ही आयुकाला गेलो होतो. त्या दिवशी तिथं सगळ्यांना मुक्त प्रवेश असतो, गर्दी मायंदाळ. आतल्या फूकोच्या लंबकापाशी आमची मुलं खिळून राहिली. लंबकाच्या झोक्याची दिशा हळूहळू फिरते, कारण खालची पृथ्वी फिरते. ध्रुवावर एक फेरा दिवसात, विषुववृत्तावर कधीच नाही, मधल्या गावी 24 तासांना अक्षांशाच्या साइननं भागायचं. पुण्यात सुमारे 75 तास. कुणीतरी म्हणालं, मग आपल्या गावात किती? परतीच्या एसटीत मोबाइलवर हिशेब चालू झाला. साताऱ्याला गाडी थांबली तोवर साताऱ्याचे 79 तास निघाले होते, सांगलीचे भरले साधारण 83. मग जिन्याच्या पोकळीत असा लंबक टांगता येईल का, तार किती लांब लागेल, ती कशाला बांधायची, यावर कऱ्हाड ओलांडेपर्यंत वाद. मागच्या सीटवरचे एक आजोबा सगळं ऐकत होते, ते म्हणाले, पोरांनो, बांधाल तेव्हा बघायला बोलवा. तो लंबक अजून बांधायचा राहिला आहे.

मार्चनंतरच्या सेमिनारला साताऱ्याहून दोन शिक्षक आले होते. त्यांना हॉर्नच्या मापांत रस होता, ती मुलांनी काढून दिली. कुणाला हवी असतील तर देऊ, त्यात काही गुपित नाही. पण मी त्यांना सांगितलं की पत्रा नंतर आणा, आधी खोली आणि शनिवार ठरवा. डेटा आज मुबलक आहे. गाया उपग्रहानं मोजलेल्या 181 कोटी ताऱ्यांची यादी जगात कुणालाही फुकट उतरवून घेता येते, आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहाची निरीक्षणंही खुली होतात. जतमधल्या मुलाला आणि केंब्रिजमधल्या मुलाला एकच आकडे मिळतात. केंब्रिजमधल्या मुलाला शेजारी बसून ‘कशावरून?’ विचारणारं कुणीतरी असतं, तेवढं आपल्याला इथं उभं करायचंय.

त्या दिवशी सेमिनार संपता संपता एक गोष्ट उरलीच. सप्टेंबर आणि मार्चच्या मोजमापांचा मध्य काढला, म्हणजे पृथ्वीचं फिरणं वजा केलं, तरी फुगवटा 1420.4 च्या बाजूलाच राहतो. हा उरलेला फरक स्फटिकाचा की सूर्याच्या स्वतःच्या गतीचा? सूर्यही शेजारच्या ताऱ्यांच्या मानानं सेकंदाला वीसेक किलोमीटरनं सरकतो आहे, त्याचा काही हिस्सा यात येणारच. तासगावच्या मुलीनं दोन्ही शक्यता फळ्यावर लिहिल्या आणि खडू खाली ठेवला. साताऱ्याचे सर काही बोलणार होते, मी त्यांना हातानं थांबवलं.

जतचा मुलगा म्हणाला, “उलट्या बाजूला बघितलं तर? धनू राशीकडं? सूर्यामुळं असलं तर तिकडं उलटं सरकंल. डोंगलचं असलं तर हाय तसंच ऱ्हाईल.”

धनूतली ती जागा सांगलीहून 44 अंशांपर्यंतच वर येते, हॉर्नचा स्टँड तेवढा वाकत नव्हता. तो आता कारागिराकडून बदलून आणलाय. मोजमापं ऑक्टोबरात सुरू करायची आहेत, वह्या आखून ठेवल्यात, आणि ह्या वेळी फळ्यापाशी तोच उभा राहणार आहे.